पेशीतील ऊर्जामापक विकर, हृदय आणि आपली जबाबदारी

गेल्या काही वर्षांत शाखासभांतील व्याख्यानांतून, औषधकंपन्यांच्या माहितीपत्रकांतून आणि अलीकडे रुग्णांच्याही तोंडून एक नाव सातत्याने ऐकू येऊ लागले आहे. ते नाव म्हणजे एएमपीके. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील अनेक औषधालयांच्या काउंटरवर 'एएमपीके ॲक्टिव्हेटर' अशी अक्षरे छापलेल्या बर्बेरिनच्या बाटल्या मांडलेल्या असतात. रुग्ण ती बाटली घेऊन चिकित्सालयात येतो आणि विचारतो, "डॉक्टर, ही आपली दारुहळदच ना? मग साखरेची आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येण्याजोगे असले, तरी त्यामागचा विषय एका शब्दाचा नाही. हे विकर काय करते, हृदयाशी व रोहिण्यांशी त्याचा संबंध काय आणि आपण वैद्यांनी व औषधालयचालकांनी त्याविषयी कोणती भूमिका घ्यावी, याविषयी आमचे मत व्यवसायबंधूंपुढे मांडावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम विकराविषयी. पेशीचे चलन म्हणजे एटीपी. तो खर्च झाला की एडीपी उरतो, आणि दोन एडीपी एकत्र येऊन एक एटीपी व एक एएमपी बनतात. या हिशेबात एक गंमत आहे. एटीपीचा साठा थोडासा जरी घटला, तरी एएमपीचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. म्हणून टंचाईची चाहूल घ्यायची तर एटीपीपेक्षा एएमपीवर लक्ष ठेवणे सोयीचे. एएमपीके हे विकर नेमके तेच करते. त्याचे तीन भाग आहेत: अल्फा, बीटा आणि गॅमा. गॅमा भागावर एएमपी येऊन बसला की अल्फा भाग कामाला लागतो. एलकेबी-१ नावाचे दुसरे एक विकर त्यावर फॉस्फेटचा शिक्का मारते, तेव्हा त्याची शक्ती पूर्णत्वाने प्रकट होते.

उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांत राहणाऱ्यांना हे लवकर उमगेल. गच्चीवरील टाकी रिकामी होऊ लागली की पहारेकरी आधी बागेचा व गाड्या धुण्याचा नळ बंद करतो आणि मग खालच्या टाकीवरचा पंप सुरू करतो. एएमपीके हा तसा पहारेकरी आहे. मेद बनवणे, कोलेस्टेरॉल बनवणे, नवी प्रथिने बनवणे ही खर्चाची कामे तो थांबवतो. साखर पेशीत ओढून घेणे, मेदाम्ले जाळणे, नव्या तंतुकणिका तयार करणे ही मिळकतीची कामे सुरू करतो. पहारेकऱ्याने पंप सुरू केला म्हणून नगरपालिकेचे पाणी वाढत नाही, हेही येथेच ध्यानात ठेवावे.

या विकराचा पहिला सुगावा लागला तो मेदाच्या व कोलेस्टेरॉलच्याच अभ्यासातून. १९७३ साली अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे असे दिसले की यकृतातील मेदाम्ले बनवणारे विकर आणि कोलेस्टेरॉल बनवणारे विकर, या दोहोंना थोपवणारी काही शक्ती पेशीत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच विकराच्या आहेत, हे पुढे १९८७-८८ च्या सुमारास स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात ग्रॅहम हार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आणि त्यास आजचे नाव मिळाले. स्टॅटिन गोळ्या ज्या विकरावर काम करतात, त्यावरच शरीराचा स्वतःचा हा चाप आहे, ही गोष्ट हृद्रोगाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

आता हृदयाकडे वळू. हृदय दिवसाकाठी सुमारे सहा किलो एटीपी खर्च करते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीस ते तीस पट. त्याचा स्वतःचा साठा मात्र काही सेकंद पुरेल एवढाच. यामुळे हृदयपेशीला टंचाईची वर्दी क्षणात मिळावी लागते. रोहिणी तुंबून रक्तपुरवठा खंडित झाला की काही क्षणांतच हृदयात एएमपीके जागे होते, साखरेची वाहतूक करणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर आणते आणि प्राणवायूविना जेवढी ऊर्जा साखरेतून काढता येईल तेवढी काढण्याची सोय करते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ज्या उंदरांच्या हृदयात हे विकर निकामी केले होते, त्यांच्या हृदयाला रक्तपुरवठा थांबल्यावर ही जादा साखर उचलता आली नाही आणि पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर ते नीट सावरलेही नाही.

रक्तवाहिन्यांमध्ये त्याचे काम अधिक संथ आहे, पण आपल्या रोजच्या रुग्णांच्या दृष्टीने कदाचित अधिक महत्त्वाचे. रोहिणीच्या अंतःस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि त्याने वाहिनी शिथिल होते, हे आता सर्वश्रुत आहे. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला एएमपीके चालना देते, असे १९९९ साली दाखवण्यात आले. पुढे असेही आढळले की रक्तप्रवाहाच्या घर्षणानेच अंतःस्तरातील एएमपीके जागृत होते. चालताना, जिना चढताना रक्त वेगाने वाहते, अंतःस्तरावर घासते, आणि वाहिनी स्वतःच स्वतःची काळजी घेते. शोथ कमी होणे, वाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशींची अवास्तव वाढ रोखली जाणे, हे परिणामही प्रयोगशाळेत दिसले आहेत.

येथवर वाचणाऱ्यास वाटेल, की मग एएमपीके जितके अधिक तितके उत्तम. आमचा मतभेद नेमका या ठिकाणी सुरू होतो, आणि तो आम्ही तर्काने नव्हे तर झालेल्या घटनांच्या आधारे मांडत आहोत.

२००१ साली काही कुटुंबांत आनुवंशिक आढळणाऱ्या एका हृद्रोगाचा उलगडा झाला. त्या रुग्णांचे हृदय जाडावत जाते, त्यात ग्लायकोजेन साठते आणि विद्युतवहनात बिघाड होऊन जलद ठोक्यांचे झटके येतात. कारण सापडले ते एएमपीकेच्या गॅमा भागातील जनुकीय दोषात. टंचाई नसतानाही टंचाईची वर्दी देणारा पहारेकरी, असे त्याचे स्वरूप बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे २०१७ साली एका बड्या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी एएमपीकेचे सर्व प्रकार जागे करणाऱ्या एका संयुगाचे प्राण्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. साखर उत्तम उतरली. पण हृदय जाड झाले आणि त्यात ग्लायकोजेन वाढले. कॅनडातील एडमंटन येथील लोपाशुक यांच्या गटाने तर फार पूर्वीच बजावले होते, की रक्तपुरवठा पूर्ववत होताना एएमपीकेमुळे मेदाम्लांचे ज्वलन अवाजवी वाढून हृदयाचे नुकसान होऊ शकते. एकच विकर एका वेळी तारक, दुसऱ्या वेळी मारक. चरकाचार्यांनी लंघनाचा सम्यक् योग आणि अतियोग यांची लक्षणे वेगवेगळी का सांगितली, हे ज्यास कळले त्यास यात नवल वाटणार नाही.

या निमित्ताने आपल्या सभांतून हल्ली रूढ होऊ पाहणाऱ्या एका विधानाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. 'एएमपीके म्हणजे धात्वग्नी' असे विधान आम्ही एकाहून अधिक व्याख्यानांत ऐकले आहे. टाळ्याही पडतात. आम्हांस हे समीकरण मान्य नाही. चरकाचा अग्नी त्रयोदशविध आहे. एक जाठराग्नी, पाच भूताग्नी, सात धात्वग्नी. ही देहव्यापी संकल्पना आहे, तिला एका विकराच्या खुंटीला टांगता येत नाही. शिवाय एएमपीके स्वतः काहीच पचवीत नाही. ते फक्त कोणते काम चालू ठेवावे व कोणते थांबवावे, याची आज्ञा देते. उद्या याहून मोठे विकर सापडले तर आपण धात्वग्नीचा पत्ता पुन्हा बदलणार काय?

परंतु समीकरण चुकीचे असले तरी साम्य उपयोगाचे असू शकते. सूत्रस्थानातील लंघनबृंहणीय अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. चार शोधने, आणि त्यांच्या जोडीला पिपासा, मारुत, आतप, पाचन, उपवास व व्यायाम. उपवास आणि व्यायाम ही दोन वरवर पाहता अगदी भिन्न कर्मे. एकात मनुष्य खाणे सोडतो, दुसऱ्यात शरीर राबवतो. त्यांना एकाच शीर्षकाखाली का घातले असावे, असा प्रश्न विद्यार्थिदशेत अनेकांना पडला असेल. पेशीच्या पातळीवर पाहिले तर दोन्ही कर्मे एकच वर्दी देतात: साठा घटला आहे. उपवासात यकृतातील व व्यायामात स्नायूंतील एएमपीके जागे होते. प्राचीनांनी परिणामावरून वर्ग केला आणि तो वर्ग आज दुसऱ्या दिशेनेही सुसंगत ठरतो, एवढेच म्हणावे; त्यांना विकर ठाऊक होते, असे म्हणू नये. संतर्पणीय अध्यायात अतिसंतर्पणाने होणाऱ्या विकारांत प्रमेह व स्थौल्य यांची गणना केली आहे, आणि अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचा कोष्ठाग्नी प्रखर असूनही मेदाने मार्ग अडल्यामुळे इतर धातूंचे पोषण होत नाही, असे सांगितले आहे. भरल्या घरात उपासमार. आजच्या स्थूल प्रमेही रुग्णाचे याहून नेमके वर्णन आम्हांस ठाऊक नाही.

आता औषधांकडे येऊ, कारण वाचकांपैकी निम्म्यांचा त्यांच्याशी रोजचा संबंध आहे.

या विकराच्या संदर्भात सर्वाधिक चर्चा झालेले औषध मेटफॉर्मिन. गॅलेगा नावाच्या युरोपातील एका वनस्पतीत ग्वानिडिन जातीचे साखर उतरवणारे द्रव्य सापडले, त्याच कुळातले हे कृत्रिम संयुग. पॅरिसचे ज्याँ स्टर्न यांनी ते १९५७ साली मधुमेहात वापरल्याचे प्रसिद्ध केले. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्यात आहारावर ठेवलेल्या स्थूल मधुमेहींच्या तुलनेत मेटफॉर्मिन घेणाऱ्या ३४२ रुग्णांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. मेटफॉर्मिनने एएमपीके जागे होते हे कळले २००१ साली, म्हणजे औषध चव्वेचाळीस वर्षे वापरून झाल्यावर. आणि २०१० साली असे दिसले की उंदरांच्या यकृतात एएमपीके नसले तरी मेटफॉर्मिन साखर उतरवतेच! कार्यपद्धतीचा सिद्धांत बदलत गेला. रुग्णांवरील अनुभव टिकला.

बर्बेरिनचे काय? दारुहरिद्रेतील हे पीतवर्ण द्रव्य २००४ साली चीनमधील संशोधकांनी ३२ रुग्णांना तीन महिने दिले, तेव्हा एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे २५ टक्क्यांनी उतरले. मात्र त्याचे कारण त्यांनी दिले ते एलडीएल उचलणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढणे हे, एएमपीके नव्हे. बर्बेरिनमुळे एएमपीके जागे होते हे २००६ साली प्राण्यांवरील अभ्यासात दिसले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, नव्याने निदान झालेल्या मधुमेहींवरील एका छोट्या अभ्यासात बर्बेरिन मेटफॉर्मिनच्या तोडीचे ठरले. त्याची मात्रा दिवसाला १५०० मिलिग्रॅम होती आणि पोटाच्या तक्रारी अनेकांना झाल्या. हे सर्व उत्साहवर्धक आहे. पण बर्बेरिन घेतल्याने झटका टळतो किंवा आयुष्य वाढते, हे दाखवणारा यूकेपीडीएसच्या तोलाचा अभ्यास झालेला नाही.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची. दारुहरिद्रेत बर्बेरिन तीन टक्के धरले, तर तीन ग्रॅम चूर्णात ते नव्वद मिलिग्रॅम येते. चिनी अभ्यासातील १५०० मिलिग्रॅमसाठी रुग्णाला रोज पन्नास ग्रॅम चूर्ण चाटावे लागेल. तेव्हा दारुहरिद्रेचा क्वाथ देताना बर्बेरिनच्या अभ्यासाचा दाखला देणे योग्य नव्हे, आणि बर्बेरिनची कॅप्सूल विकताना आयुर्वेदाच्या परंपरेचा दाखला देणेही योग्य नव्हे. क्वाथात इतर क्षारद्रव्ये आहेत, कषायरस आहे, वैद्याने निवडलेली सहद्रव्ये व अनुपान आहे. कॅप्सूलमध्ये एक रेणू आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये आयुर्वेदीय औषध हे अधिकृत ग्रंथांच्या आधारे ठरते. वेगळा काढलेला शुद्ध रेणू त्या ग्रंथांत कोठेही नाही. यांतील बरीच उत्पादने अन्नपूरक म्हणून विकली जातात, हे औषधालयचालकांनी बाटलीवरील परवाना क्रमांक वाचून स्वतःच पडताळावे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. बर्बेरिन यकृतातील औषधे निचरा करणाऱ्या काही विकरांना मंद करते. अंधेरी-घाटकोपरचा पन्नाशीतला हृद्रोगी रुग्ण म्हणजे ॲटोरवास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलोल, कधी ग्लिमेपिराइड, कधी वॉरफॅरिन अशा चार-सहा गोळ्या घेणारा मनुष्य. त्यात हा रेणू मिसळला तर कोणत्या गोळीची रक्तातील पातळी किती वाढेल, हे काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाला कसे कळावे? गर्भिणी व नवजात बालकाची माता यांना तर ते देऊच नये. बालकाच्या रक्तातील बिलिरुबिन ते मोकळे करते. अँजिओप्लास्टीला पुरते सहा महिनेही न झालेल्या एका गृहस्थांनी 'आता एएमपीके चालू आहे' म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपणहून सोडल्याचे आम्ही पाहिले आहे. त्यांना हा सल्ला देणारी व्यक्ती डॉक्टरही नव्हती आणि वैद्यही नव्हती; एका आरोग्य-उत्पादनाची साखळी पद्धतीने विक्री करणारा तो त्यांचा शेजारी होता. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू करवून त्यांना त्यांच्या हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवले. पण असे किती जण आपल्यापर्यंत पोहोचतच नसतील.

सुंदर कार्यपद्धती दाखवली म्हणजे औषध सिद्ध झाले, या समजुतीची किंमत आपण एकदा मोजली आहे. गुग्गुळाचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे, तरी थोडक्यात उजळणी करू. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर काम केले आणि १९६६ साली प्रबंध सादर केला. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ते पुढे नेले. गुगुलिपिड १९८० च्या दशकात बाजारात आले आणि आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते विकले. २००२ साली गुग्गुळातील स्टेरॉन यकृतातील एका विशिष्ट ग्राहकाला कसे रोखतात याचा शोध 'सायन्स' नियतकालिकात झळकला. सगळीकडे जयजयकार झाला. आणि लगेच पुढच्या वर्षी, २००३ साली, अमेरिकेत १०३ रुग्णांवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत एलडीएल उतरण्याऐवजी थोडे वाढले; काहींच्या अंगावर पुरळही उठले. त्यांचा आहार वेगळा, शोधन नाही, अनुपान नाही, प्रकृतिविचार नाही, असे आक्षेप आपल्यापैकी अनेकांनी घेतले. ते खरेही असतील. परंतु शोधित गुग्गुळ, योग्य रुग्ण, योग्य अनुपान घेऊन तेवढीच काटेकोर चाचणी करून आपण उत्तर दिले असते, तर त्या आक्षेपांना वजन आले असते. नुसत्या आक्षेपाने वाद जिंकता येत नाही.

याउलट मुंबईतीलच एक उदाहरण आम्हांस सदैव अनुकरणीय वाटते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबातील अनुभव प्रसिद्ध केला. तोवर सर्पगंधेतील रेसर्पिन वेगळे काढलेलेही नव्हते. ते स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत १९५२ साली निघाले. ते नेमके कसे काम करते हे त्याहीनंतर उलगडले. वकिलांनी कोणत्याही विकराचे नाव घेतले नाही. त्यांनी रुग्ण निवडले, रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, नोंदी ठेवल्या आणि लिहिले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. येथे एक दुर्दैवी पुरवणी जोडावी लागते: वेगळे काढलेले रेसर्पिन मोठ्या मात्रेत वापरले गेले तेव्हा विषण्णतेच्या तक्रारी पुढे आल्या. द्रव्य आणि रेणू यांतील अंतर तेव्हाही असेच होते. पुढे डॉ. अशोक वैद्य यांनी 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' म्हणून जो मार्ग मांडला आणि विलेपार्ले येथील कस्तुरबा हेल्थ सोसायटीच्या संशोधन केंद्रात चालवला, तो याच क्रमाचा आहे: आधी चिकित्सालयातील अनुभव, मग नियंत्रित निरीक्षण, शेवटी प्रयोगशाळा. ते केंद्र आपल्या उपनगरातच आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आहे?

मग वैद्याने एएमपीकेचे ज्ञान बाजूस सारावे काय? मुळीच नाही. पण ते बाटली विकण्यासाठी न वापरता रुग्णाचा दिनक्रम पाहण्यासाठी वापरावे, असे आमचे मत आहे.

उपनगरातील मनुष्याचा दिवस पाहा. सकाळी चहा-खारी, गाडीत उभ्याने तास-दीड तास, दुपारी डबा, संध्याकाळी स्थानकाबाहेर वडापाव किंवा शेवपुरी, रात्री साडेनऊ-दहाला पूर्ण जेवण आणि अकराला झोप. गाडीत दोन तास उभे राहिलो म्हणजे व्यायाम झाला, असे तो प्रामाणिकपणे समजतो. पूर्वी घाटकोपरहून अंधेरीला जायचे तर निदान दादरचा जिना चढावा लागे. २०१४ साली मेट्रो सुरू झाली आणि सरकत्या जिन्याने तीही संधी गेली. (मेट्रोला आमचा विरोध नाही, आम्हीही तिनेच जातो.) या माणसाच्या पेशींना टंचाईची वर्दी चोवीस तासांत एकदाही मिळत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे फेरी मारणारी मंडळी भाग्यवान म्हणायची, पण त्यांतील काहीजण फाटकाबाहेर जिलबी-फाफड्यावर जो हिशेब चुकता करतात तो पाहिला की त्यांच्या भाग्याविषयी शंका येते.

आणि आपले उपवास! एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. हे लंघन नव्हे, हे उपवासाच्या नावाने संतर्पण आहे. शर्करामेही स्त्रीने श्रावणी सोमवारी तीन वेळा हे खाल्ले तर मंगळवारी तिची साखर वाढलेली दिसेल यात आश्चर्य ते काय. अशा वेळी उपवास मोडा म्हणू नये, तो ती ऐकणारच नाही. वरीचा भात एक वेळ, ताक, दुधीची भाजी, आणि संध्याकाळी काही नाही, असा उपवास तिला आखून द्यावा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मुलुंड-घाटकोपरच्या जैन बांधवांची पर्युषणातील अठाई आहे: आठ दिवस केवळ उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा चोविहार हा नियम तर आम्ही अजैन रुग्णांनाही सांगतो. रात्रीच्या दहाच्या जेवणावर त्याहून स्वस्त उपाय नाही. पण अठाई करणारा मधुमेही हृद्रोगी हा वेगळा विषय आहे. ग्लिमेपिराइड चालू असताना उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. डापाग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्या आता हृदयाच्या दुर्बलतेतही सर्रास दिल्या जातात. त्या चालू असताना दीर्घ उपवास केल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता साठू शकते, शिवाय निर्जलता होते. मळमळ व दम लागणे ही लक्षणे उपवासाचीच समजून दुर्लक्षिली जातात. दुर्बल, कृश, पायावर सूज असलेला हृद्रोगी तर लंघनास पात्रच नाही. त्याला बृंहण हवे. लंघनाने एएमपीके जागे होते हे जितके खरे, तितकेच हृदय हे त्रिमर्मांपैकी एक आहे, हेही खरे.

व्यायामाविषयी सुश्रुताने अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे, आणि प्रमेहचिकित्सेत मात्र दीर्घ चालणे व विहीर खणण्यापर्यंतचे श्रम सांगितले आहेत. दोन्हींचा मेळ रुग्ण पाहूनच घालावा लागतो. आमच्याकडील पद्धत साधी आहे. ईसीजी व आवश्यक तेथे हृद्रोगतज्ज्ञांचे मत घेतल्यावर, स्थानकापासून घरापर्यंतची रिक्षा प्रथम सोडवायची. मग तीन मजल्यांपर्यंत उद्वाहन बंद. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणे. औषधे नंतर. अष्टौनिन्दितीय अध्यायात स्थौल्यासाठी सांगितलेली गुडूची, मुस्ता, त्रिफळा, तक्रारिष्ट, मध ही यादी पुन्हा एकदा वाचावी. तीत एकही महाग द्रव्य नाही, त्यामुळेच कदाचित तिची जाहिरात होत नाही.

संघटनेपुढे आमची मागणी अशी आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील इच्छुक सभासदांनी एक समान नोंदपत्रक वापरावे. त्यात कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड, आठवड्यातील चालण्याचे दिवस, रात्रीच्या जेवणाची वेळ आणि चालू असलेली सर्व औषधे, आधुनिक असोत वा आयुर्वेदीय, नोंदवावीत. दर तीन महिन्यांनी तीच मोजमापे पुन्हा. वर्षभरात प्रत्येकाने वीस रुग्ण जरी नोंदवले तरी शाखेकडे सांगण्याजोगे काही जमेल, आणि ते सांगताना कोणत्याही विकराचे नाव घेण्याची निकड राहणार नाही.

औषधालयचालक बंधूंना दोन विनंत्या. बर्बेरिन मागणाऱ्याला 'हृदयाची, साखरेची, रक्त पातळ करण्याची कोणती गोळी चालू आहे?' हा एक प्रश्न विचारल्याशिवाय बाटली देऊ नये, आणि उत्तर 'हो' असेल तर त्याला त्याच्या डॉक्टरांकडे वा वैद्यांकडे पाठवावे. दुसरे, दुकानात लावायला मिळणाऱ्या फलकांवरील मजकूर वाचून घ्यावा. औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, हृद्रोग, रक्तदाब व स्थौल्य ही चारही नावे आहेत. फलक कंपनीने दिला असला तरी लावणारा दुकानदार असतो. यंदाच्या पर्युषणापूर्वी एक महिना, श्रावणाच्या सुरुवातीस, उपवास करणाऱ्या मधुमेही व हृद्रोगी रुग्णांसाठी मराठी व गुजराती भाषांत एक पानी सूचनापत्रक शाखेने छापून औषधालयांत ठेवावे. मसुदा तयार करण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेऊ. सभासदांनी आपल्या सूचना कार्यवाहांकडे लवकर पाठवाव्यात.